तळ दिसेपर्यंत

हे झाड एका वर्षाआड फळतं.
मधल्या वर्षी नुसतं उभं असतं,
पेन्शनीत निघालेल्या फाटकवाल्यासारखं :
काम नाही, पण टोपी आहे.

यंदा फळायचं वर्ष. आणि यंदाच
आल्दोना नॉर्वेत, मासळीच्या कारखान्यात,
कोपरापर्यंत रबरी मोज्यांत.

शनिवारी फोन येतो.
मी सांगतो, फांदी वाकलीय, टेकू दिलाय.
कुठली फांदी?
कुंपणाकडची म्हटलं की ती गप्प.
तिच्यावर अजून झोक्याच्या दोराचा वळ आहे.

खोड रानटी. कुणीतरी खाऊन थुंकलेल्या बीचं.
त्यावर तिच्या बापानं, प्रानास म्हाताऱ्यानं,
आंतानिनिसचा डोळा भरला
सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी आवळून.
तिथे आजही गाठ आहे, मुठीएवढी.
गाठीखाली एक जात, गाठीवर दुसरी,
पाणी मात्र एकच चढतं.
सासऱ्याचं नि माझं याहून जास्त कधी जमलं नाही.

थंडीत ससे येतात, साल कुरतडतात.
मी खोडाला स्प्रूसच्या डहाळ्या बांधतो, टोकं खाली करून.
हेही त्यानंच शिकवलं, न बोलता,
माझ्या हातातली दोरी काढून घेऊन.

सप्टेंबर सरता सरता पहिलं हिंव पडलं
आणि पिवळी, तेलकट कातडीची फळं
रात्री गवतात पडू लागली.
धप्.
बराच वेळ काही नाही.
धप्.
मोजत पडलो. सदतिसाव्याला डोळा लागला.

मग वास. तळघरातून जिन्यावर,
जिन्यावरून खुंटीवरच्या कोटाच्या बाह्यांत.
टपालवाली येद्विगा दारातच थबकली :
"आल्दोना आली वाटतं?"
नाही, म्हटलं. सफरचंदं आहेत.

"साली राहू देत. बिया फडक्यात बांधून आत सोड,
त्यांनीच धरतं."
साखर?
"आधी चाख, मग घाल."
किती वेळ शिजवू?
"तळ दिसेपर्यंत."
कसला तळ?
"पातेल्याचा, झेनोनास. पळी ओढलीस की वाट पडली पाहिजे,
आणि ती लगेच मिटता कामा नये."

ओढली. मिटली.
ओढली. मिटली.
गराचे बुडबुडे उडून मनगटाला चावले.
पहिला घाणा करपला, तो ब्रोनियुसच्या डुकरांना घातला;
डुकरांनीही नाक मुरडलं.
दुसऱ्याला रात्रीचे अकरा वाजले.
वाट पडली, आणि राहिली.
मध्ये करडा पत्रा दिसला,
मार्चमध्ये बर्फाखालून
रस्ता दिसतो तसा.

शहाजिरं टाकलं. फडक्यात पुरचुंडी बांधली,
खालीवर फळ्या, फळीवर धोंडा.
याला आमच्याकडे चीज म्हणतात.
दुधाचा थेंब नाही यात;
पण दाबून, वाळवून, महिनोन् महिने टिकवलेल्या गोष्टीला
दुसरं काय म्हणणार.

पंधरा दिवस भट्टीशेजारी ठेवलं. काळपट लाल झालं,
जुन्या जोड्याच्या चामड्यासारखं.
ओस्लोला जाणाऱ्या मिनीबसवाल्याकडे दिलं,
वर्तमानपत्रात गुंडाळून, दोनदा दोरा मारून.

शनिवारी फोन. आधी नुसता चावण्याचा आवाज.
"शहाजिरं जास्त झालंय."
मग : "धोंडा कोबीच्या पिंपातला घेतलास."
मी काही बोललो नाही.
मग : "सगळ्यांना एकेक चकती दिली. एका बाईनं
परत मागितली. तिच्या देशात सफरचंदं होत नाहीत."
मग : "पुढच्या वर्षी…"

पुढच्या वर्षी झाड फळत नाही, मी म्हणालो.

"माहितीय," ती म्हणाली. "म्हणून तर.
काढायला, शिजवायला काही नसेल.
तेव्हा येते."

टेकू काढून शेडमध्ये ठेवला.
फांदी थोडी वर गेली, पुरती नाही.
तळघरात अजून दोन पेट्या आहेत.
एक उचललं, बाहीला पुसलं, तिथेच उभ्यानं खाल्लं.
दात आंबले.